खांदे

काखेतीतल्या आमच्या गावात
चौकात जो कांस्याचा शिपाई उभा आहे
त्याचे खांदे माझ्या बापाचे आहेत.

बाप लढाईला गेलाच नव्हता.
गावाला पाव भाजणारा एक तरी हवा
म्हणून कमिटीनं यादीतलं त्याचं नाव खोडलं.
त्या रेघेखाली तो जन्मभर राहिला.

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मातीची भट्टी,
तोने म्हणतात तिला.
दिवसातून तीनशे वेळा कमरेत वाकायचं,
डोकं आत, पाय अधांतरी,
तापल्या भिंतीला कणकेची लांबट जीभ चिकटवायची
आणि भुवया जळायच्या आत वर यायचं.
खांदे असे होतात.

शिल्पकार तिबिलिसीहून आला
खिशात मापाची फीत घेऊन.
त्यानं आधी पार्मेनलाच बोलावलं.
बरोबरच होतं. तीन पदकं होती त्याच्याकडे,
तंबाखूच्या डबीत.
लाकडी बंदूक देऊन खोक्यावर उभं केलं
तसा त्याचा हात सुरू झाला.
आधी करंगळी, मग कोपर,
मग खोकंसुद्धा.
थांबवता येईल का जरा, शिल्पकारानं अदबीनं विचारलं.
पार्मेन म्हणाला, बघा तुम्हाला जमलं तर.
मी सात वर्षं बघतोय.

थरथर काही साच्यात ओतता येत नाही.

दुपारी तो पाव घ्यायला आला
आणि माझा बाप भट्टीतून वर येताना दिसला,
लालबुंद, घामानं निथळलेला,
धुरानं डोळे बारीक केलेला.
अस्संच, तो ओरडला, हलू नका!
शत्रूकडे रोखलेली म्हणतात ती नजर
धुराची आहे.

शाळेत मी 'आपला वीर' या विषयावर निबंध लिहिला.
पाचपैकी पाच मिळाले.
घरी येऊन विचारलं, बाबा, शूर म्हणजे काय?
हात पिठात होते त्याचे.
म्हणाला, पार्मेनला विचार.

पार्मेन ओट्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता,
अर्ध्या सांडत होत्या.
म्हणाला, पोरी, मी पळत होतो.
सगळेच पळत होते.
मी पुढच्या बाजूला पळालो
आणि माझा भाऊ मागच्या.
पदकं दिशेची आहेत.

भावाचं नाव त्यानं सांगितलं नाही.
चौथऱ्यावर कोरलेल्या एकशे बारा नावांत
त्याच्या आडनावाचं कुणीच नाही.

पाटिओ म्हातारीचे तिघे मात्र आहेत, एकाखाली एक.
दर मे महिन्यात ती शिपायाच्या बुटांवर ओठ टेकायची,
मग रस्ता ओलांडून आमच्या दुकानात यायची.
दोन दे. कालचे असले तरी चालतील.
मान कधी वर केली नाही.
एका वर्षी केली.
बराच वेळ बघत राहिली,
मग गल्ल्यावरून हात लांब करून
बापाच्या खांद्यावर ठेवला.
गरम आहे, म्हणाली.

त्यानंतर बाप चौकातून गेला नाही.
अक्रोडाच्या झाडामागून, लांबच्या वाटेनं जायचा,
बर्फात सुद्धा.
आणि संध्याकाळी पार्मेनसाठी पावाचे तुकडे करायचा,
राजम्याच्या रश्शात बुडवून ठेवायचा,
समोर बसून दुसरीकडे बघत राहायचा.
कुठल्या चौथऱ्यावर बसवणार हे?

बाप गेला तेव्हा खांदे उरलेच नव्हते,
शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.
पेटी उचलायला सहा जण हवे होते, पाच जमले.
ऐंशीचा पार्मेन पुढे झाला.
नको म्हणालो आम्ही.
त्यानं ऐकलं नाही.

अक्रोडाची वाट पावसानं खचली होती,
चौकातूनच जावं लागलं.
पेटी सगळा रस्ता थरथरत होती,
झाकण खडखडत होतं, खिळे वाजत होते.
वर तो उभा होता,
धुरानं डोळे बारीक केलेला,
आणि त्याच्या पायाशी माझा बाप
आयुष्यात पहिल्यांदा
पार्मेनच्या हातानं
कापत चालला होता.